आमच्या दारी ढोल आला नाही

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे व्यत्यय नको.

मी पण हसलेच असते. मी शुभदा. मूळची नागपूरची, आता बरीच वर्षं एडमंटनमध्ये. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ विचारायची, "रात्री नीट जेवला होतास ना?"

पण हे माझ्याच घरात घडलंय. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय. यात मी एक शब्द वाढवलेला नाही. कमी केले असतील, कारण काही गोष्टी लिहिताना हात थांबतो.

२०१७ चा फेब्रुवारी. माघी पौर्णिमेची संध्याकाळ. बाहेर उणे तीसच्या खाली.

आमचं टाउनहाऊस कॉम्प्लेक्स शहराच्या अगदी उत्तर टोकाला. मागे कुंपण, कुंपणापलीकडे शेतं, त्यापलीकडे नुसतं पांढरं. इकडे शेजारी कोण राहतं ते लोक गाडीच्या रंगावरून ओळखतात. नाव विचारायची पद्धत नाही.

पण आमच्याकडे ती पद्धत होती. कारण आमच्याकडे हालमोनी होती.

हालमोनी म्हणजे कोरियन भाषेत आजी. नव्वदीला टेकलेली, एवढीशी, पाठीत वाकलेली. मुलगा डॅनियल इथेच वाढलेला, पण ही मात्र अख्खं खेडं पदरात बांधून आली होती. त्यांच्या गावात वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला गावजत्रेसारखं काहीतरी करायचे. तेच तिनं आमच्या पार्किंग लॉटमध्ये सुरू केलं.

गेटजवळच्या जुन्या स्प्रूसच्या झाडाला ती गवताची दोरी बांधायची. उलट्या पिळाची. त्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. शेजारी उंच काठीवर एक लाकडी बदक. आठवडाभर आधी दारोदार फिरायची आणि प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ न्यायची. पंजाब्यांचा बासमती, फिलिपिनोंचा जाडा, आमचा आंबेमोहर, सगळा एकत्र दळून त्याचा वाफवून एक मोठा थोरला केक करायची. तो सगळ्यांनी खायचा.

त्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एकेक पातळ कागद पेटवून तळहातावरून वर सोडायचा. मग ढोल आणि झांजा घेऊन सगळे घरोघरी जायचे. प्रत्येक दारात पाय आपटायचे. घरात वर्षभर जे काही वाईट साचलंय, ते हाकलून द्यायचं.

मला सुरुवातीला गंमत वाटायची. पण त्या एका दिवशी कुणाची नोकरी गेली, कुणाची केमो चालू आहे, कुणाला बाळ झालं, हे सगळं सगळ्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी न सांगता तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून गेलेलं असायचं. म्हणून मी दरवर्षी तांदूळ द्यायचेच.

त्या वर्षी नाही दिले.

आमच्याकडे सुतक होतं. यवतमाळला विलासचे सख्खे काका गेले होते. विलास म्हणजे माझा नवरा. तो फोर्ट मॅकमरीला तेलाच्या साइटवर इंजिनिअर. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. सासूबाई, म्हणजे आई, त्या हिवाळ्यात आमच्याकडे होत्या. सुतकाच्या बाबतीत आई एकदम कडक. देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं, दिवाबत्ती बंद.

हालमोनी तांदूळ मागायला आली. आईंनी दारातच हात जोडले आणि मान हलवली. मग वर बोट दाखवलं, डोळे मिटले, आणि आपल्या घराभोवती हातानं एक गोल काढला.

हालमोनीला एका क्षणात कळलं!

मला इंग्रजीत समजवायला अर्धा तास लागला असता. या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि सुतक मात्र बरोबर कळलं. तिनं वाकून नमस्कार केला आणि परत गेली. दुपारी डॅनियलला घेऊन आली.

डॅनियल जरा ओशाळलेला होता. म्हणाला, "आई म्हणते, गावात कुणाकडे मयत झालं तर अख्खं गाव थांबायचं. पुढच्या पौर्णिमेला करायचं. एक घर वगळून कधीच करायचं नाही. तिला सगळं पुढे ढकलायचंय."

"मग ढकला की," मी म्हणाले.

"पण शुभदा, आग पेटवायची सिटीची परवानगी त्याच दिवसाची आहे. मीटची ऑर्डर गेलीय. लोकांनी सुट्ट्या टाकल्यात."

नेमका तेव्हाच विलासचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

आता माझा नवरा म्हणजे भिडेचा पुतळा. हॉटेलात चुकीची भाजी आली तरी मुकाट्यानं खाईल, वेटरला कशाला त्रास म्हणून. तो लगेच सुरू झाला. "अरे नो नो डॅनियल, प्लीज! आमच्यासाठी कशाला थांबता? आमचं घर सोडून द्या. यू गो अहेड. आम्हाला काही वाटणार नाही."

डॅनियलनं सुटकेचा श्वास टाकला. हालमोनीला कोरियनमध्ये सांगितलं.

हालमोनी बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिली.

मग ती आईंचा हात धरून काहीतरी म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच. डॅनियल कसनुसा हसला. "काही नाही गं, जुन्या गावातल्या गोष्टी. ती म्हणते, इतर घरांतून जे हाकलू, ते वगळलेल्या घराकडे येतं. त्या संध्याकाळी कुणी हाक मारली तर दार उघडू नका. ढोल तुमच्या दारी येईपर्यंत."

पण ढोल तर आमच्या दारी येणारच नव्हता.

हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बहुतेक डॅनियलच्याही नाही.

पौर्णिमेच्या दिवशीच विलास घरी यायचा होता. दुपारी त्यानं कॅम्पवरून निघताना फोन केला. "बर्फ सुरू झालाय. हळूहळू येतो. आईला सांग, मुगाची खिचडी चालेल."

त्यानंतर फोन नाही.

मी केला. रिंग गेली. परत केला. रिंग गेली. तिसऱ्यांदा... सरळ व्हॉइसमेल.

फोर्ट मॅकमरीहून येणारा हायवे ६३ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. मैलोन्‌मैल झाडं, मधे एखादा पेट्रोल पंप. रेडिओवर सांगत होते की वॉन्डरिंग रिव्हर गावाच्या आसपास समोरचं काही दिसत नाहीये, गाड्या घसरल्यात. पोलिसांना फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, रस्ता बंद केलाय, आमची माणसं बघतायत, घरीच थांबा.

घरीच थांबा म्हणे! जाणार कुठे होते मी? दुसरी गाडी इंजिन तापवायचा ब्लॉक हीटर लावूनही सुरू होत नव्हती. आणि सुरू झाली असती तर गेलेच असते, पोलीस गेले खड्ड्यात.

आई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. कापड तसंच. सुतकात देवाला दिवा लावता येत नाही, नाव घेऊन काही मागता येत नाही. बाई नुसती दोन्ही मुठी आवळून त्या झाकलेल्या देवांकडे बघत होती. ते मला बघवेना. मी म्हणाले, "आई, लावा हो दिवा. देव काय रागावणार आहे?"

त्यांनी मान हलवली. "नियम मोडून मागितलं अन् उलटं झालं तर?"

मी किचनमध्ये जाऊन रडले. भांडी घासली. परत रडले.

अंधार पडला. इकडे हिवाळ्यात तो लवकरच पडतो. खिडकीतून स्प्रूसजवळची आग दिसत होती. माणसं दिसत होती. ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही. कागद वर जाताना दिसत होते, एकेक ठिणगी.

विलासच्या नावाचा कागद त्यात नव्हता.

मग ढोल सुरू झाला.

ढम... ढम... आणि मधे झांजेचा तो लांबत जाणारा आवाज. एका घरापुढे थांबायचा, पाय आपटल्याचे आवाज, हसणं, मग पुढे. आमच्या रांगेत आला. पलीकडचं घर झालं. आमच्या डावीकडच्या मनजीतचं घर झालं. भिंत एकच, त्यामुळे आमच्या कपाटातले कप थरथरले.

मग ढोल बंद झाला.

आमच्या दारावरून पावलं गेली. नुसती पावलं. कुणी बोलत नव्हतं, बहुतेक सुतकाचा मान राखून.

उजवीकडच्या घरापुढे ढोल परत वाजायला लागला.

मला एवढं एकटं माझ्या अख्ख्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

ढोल लांब गेला. मग ऐकू येईनासा झाला. मग वाराही थांबला. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर असते ना सतत... तीही थांबली.

आणि पुढच्या दारावर टकटक झाली.

"शुभदा."

विलासचा आवाज.

"शुभदा, दार उघड. थंडी वाजतेय गं."

मी धावले. अहो, धावणारच! हात कुलपापर्यंत गेला, आणि थांबला. दाराबाहेर आमचा सेन्सरचा दिवा आहे. मांजर गेलं तरी लागतो.

तो लागला नव्हता.

दाराच्या छिद्रातून बघितलं. बर्फानं बुजलेलं. काही दिसेना.

"विलास? गाडीचा आवाज नाही आला?"

"गाडी नाहीये. शुभदा, बोटं गेली माझी. उघड."

उणे तीसमध्ये माणूस किती वेळ टिकतो? हातमोजे नसले तर किती? माझ्या डोक्यात हेच. हा विलास असेल आणि मी हालमोनीच्या गोष्टीपायी उभी राहिले, तर मी माझ्या नवऱ्याला दारात मारतेय. आणि नसेल तर...

तेवढ्यात मागून आईंची किंकाळी आली.

"शुभदा! मागं ये! विलास आलाय मागं!"

मी वळून बघितलं. किचनपलीकडे मागचं सरकतं काचेचं दार. आई काचेला चिकटून उभ्या. काचेत आतल्या दिव्याचं प्रतिबिंब, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. स्पष्ट.

"आई. आई, उघड ना. आई."

तोच आवाज. अगदी तोच. थंडीनं दात वाजत असलेला.

आणि माझ्या समोरच्या दारातून त्याच वेळी, "शुभदा, प्लीज."

दोन्ही आवाज एकावर एक येत होते.

आईंचा हात कडीवर होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत सासूसुनेनं एकमेकींकडे असं कधी बघितलं नसेल. मी ओरडले, "आई, थांबा! उघडू नका!"

"अगं, तो मला हाक मारून राहिला!"

"मलाही मारतोय!"

पुढच्या दारावर काहीतरी घसरत खाली गेलं. माणूस भिंतीला टेकून खाली बसतो, तसं. मग आवाज अगदी बारीक झाला. "शुभे..."

शुभे तो फार क्वचित म्हणतो.

मी दार उघडलं.

विलास आत पडला. माझ्या पायावर. मिशांना बर्फ, भुवयांना बर्फ, बोटं पांढरीफट्ट, मेणाची असावीत तशी. मी त्याला ओढून आत घेतलं आणि लाथेनं दार बंद केलं.

आणि मागचा आवाज... "आ" म्हणताना तुटला.

फर्नेस सुरू झाली.

आई अजून कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. पोरगा जमिनीवर विव्हळतोय, आणि त्या पाठ करून काचेकडे बघत होत्या. मी ओरडले तेव्हा कुठे वळल्या.

विलास वाचला. करंगळीचं टोक गेलं, बाकी सगळं शाबूत. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस.

गाडी वॉन्डरिंग रिव्हरच्या अलीकडे खड्ड्यात सापडली, घरापासून दोनेकशे किलोमीटरवर. पोलिसांचा फोन आला. आत त्याचा फोन होता, हातमोजे होते, जॅकेटसुद्धा होतं. विलासनं सांगितलं, गाडी घसरली, डोकं आपटलं, काही सुचत नव्हतं. एका ट्रकवाल्यानं उचललं आणि कॉम्प्लेक्सच्या गेटपर्यंत आणून सोडलं.

"कोण ट्रकवाला? नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही. भीड वाटली."

हे अगदी विलाससारखंच उत्तर होतं.

पण रस्ता तर दोन्हीकडून बंद केलेला होता.

आणि गेटपाशी तर अख्खं कॉम्प्लेक्स जमलं होतं. आग होती, माणसं होती. मी प्रत्येकाला विचारलं. कुणीही ट्रक बघितला नाही. कुणीही विलासला येताना बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी मला मागच्या दाराशी नेलं. बोट दाखवलं.

बाहेर अंगणात बर्फ गुळगुळीत. एक पाऊल नाही.

पण काचेवर, बाहेरच्या बाजूनं, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर... श्वासाची वाफ गोठलेली. बशीएवढा पांढरा गोल. खाली पाच बोटांचे ओघळ.

"भुतं श्वास घेतात का वं?" आईंनी मला विचारलं.



दुपारी हालमोनी आली. एकटीच, डॅनियलशिवाय. विलास सोफ्यावर बसला होता, हाताला बँडेज. तिनं त्याच्याकडे बघितलं, नीट वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. मग किचनमधून सरळ मागच्या दाराशी गेली. स्कार्फमध्ये गुंडाळून आणलेला गरम सूपचा वाडगा तिनं बाहेर बर्फावर ठेवला आणि दार लावून घेतलं. मग ती आणि आई कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. हालमोनी रडत होती. मला वाटतं, ती माफी मागत होती.

तिनं तर थांबायला सांगितलं होतं. आमच्याच माणसानं नको म्हटलं.

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी मागच्या दारात एक ताट ठेवायला लागल्या. भात, वरण, वर तूप. मी म्हणाले, ससे येतील. येऊ दे म्हणाल्या. आणि एक गोष्ट मला तेव्हापासून छळतेय.

ते ताट कुणासाठी आहे, असं विलासनं आजवर एकदाही विचारलं नाही.

तो चांगला आहे हो. तीच सवय, तीच मिशी, तेच मोठ्यानं शिंकणं. आमच्या लग्नातल्या गोष्टी त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतात. मी रात्री जागून त्याच्याकडे बघत बसलेय, कुठेतरी काहीतरी चुकेल म्हणून. काही चुकत नाही. माझं प्रेम आहे त्याच्यावर. हेही खरंच लिहितेय.

मे महिन्यात आई परत निघाल्या. विलास बॅगा गाडीत ठेवून हॉर्न वाजवत होता. आई चपला घालून पुढे न जाता मागे गेल्या. बाहेर कोवळं गवत आलं होतं. त्यांनी काचेवर तळवा टेकवला.

"येते रे राजा," त्या म्हणाल्या. "तू मलाच हाक मारली होतीस. माझ्याच्यानं उघडणं झालं नाही."

"आई," मी म्हणाले, "विलास गाडीत बसलाय. तिकडे, पुढे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. "तो तुझा आहे वं. तुला हाक मारली, तू घरात घेतलं. आता त्याला सांभाळ."

विमानतळावर विलास पाया पडला. एरवी त्या त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या, कानशिलावर बोटं मोडायच्या. त्या दिवशी नुसता डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणाल्या.

पुढच्याच दिवाळीत त्या यवतमाळला झोपेत गेल्या.

आता ताट मी ठेवते. या वर्षी पण पौर्णिमा झाली. तांदूळ दिले, आमच्याही नावाचे कागद वर गेले, ढोल सगळ्यात आधी आमच्या दारी आला. हालमोनीनं स्वतः वाजवला.

काही फरक पडला नाही.

पारा उणे तीसच्या खाली गेला की फर्नेस थांबते. आणि मागच्या काचेवर अगदी हळू...

"आई. आई, उघड ना."

मला कधीच हाक मारत नाही. फक्त आईला. आणि त्याला कुणी सांगितलेलंच नाही की आई आता नाही. मी कितीदा तरी काचेपाशी जाऊन उभी राहते. तोंड उघडते. काय म्हणून सांगू, आणि त्याची कोण म्हणून सांगू?

मग विलास सोफ्यावरून हात लांब करतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.